पेटी खाली ठेवायची नाही

लग्नाआधी नवऱ्या मुलाच्या घरून नवरीच्या घरी जी पेटी जाते, ती वाहण्याचा मान आमच्याकडे कुणालाही मिळत नाही. पेटीवाला लग्न झालेला हवा, त्याचं पहिलं अपत्य मुलगा हवं आणि त्याचा संसार सुखाचा हवा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. तिसरी अकरा दिवसांपूर्वी बोचकं बांधून, तान्ह्या मुलीला पाठीशी घेऊन माहेरी निघून गेली होती.

तरीही मान मलाच मिळाला, कारण मी खोटं बोललो.

आमचे तांडेल कुम, ज्यांच्या होडीवर मी बारा वर्षं कामाला आहे, ते विचारायला आले तेव्हा मी अंगणात म्हाकूळ वाळत घालत होतो. आमच्या किनाऱ्यावर शरदात दुसरं काही सुचत नाही. दहा पायांचा तो मासा चिरायचा, काडीवर टांगायचा आणि आभाळाकडे बघत बसायचं. तांडेलांच्या धाकट्याचं, गिबॉमचं लग्न डोंगरापलीकडच्या बामगोल गावातल्या ओक्हीशी ठरलं होतं.

"काय दालशिक, घरी सगळं ठीक ना?" तांडेलांनी विचारलं.

"उत्तम."

"दुसोकची आई कुठं दिसत नाही?"

"आत आहे. धाकटीला निजवतेय."

आत माझी आई होती. तिने हे ऐकून पातेलं असं काही आपटलं की मला घाम फुटला. तांडेलांना वाटलं, सून कामात आहे. "मग पेटी तुझ्याच पाठीवर," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून गेले.

आता मौज अशी की बामगोल हेच माझ्या बायकोचं, बुन्येचं माहेर. सतरा उंबऱ्यांचं गाव. तिथं कुणाच्या घरी कोंबडीने अंडं दिलं तरी शेजारणीला आधी कळतं. मग मी हो का म्हणालो? एक म्हणजे मला मान हवा होता. आणि दुसरं म्हणजे मला तिकडे जायचंच होतं. बायकोला आणायला जाणं माझ्या नाकाला झेपत नव्हतं. पेटी घेऊन जाणं झेपत होतं. वाटेत ती दिसलीच तर म्हणता आलं असतं, "मी काही तुझ्यासाठी आलो नाही, मी पेटीसाठी आलोय." असला शहाणपणा मला अंघोळ करताना सुचतो.

भांडण कशावरून झालं, तेही सांगतो. सांगायला लाज वाटते, पण पेटीच्या त्या संध्याकाळी ते सगळ्या बामगोलसमोर सांगून झालंच आहे, आता काय उरलंय लपवायला.

थोरला दुसोक झाला तेव्हा मी दारावरच्या गवताच्या दोरीत लाल मिरच्या ओवल्या आणि त्या एवढ्या मोठ्या की समुद्रातून दिसाव्यात. तिसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन नाव नोंदवून आलो. आमच्या घराण्यात या पिढीच्या प्रत्येक मुलग्याचं नाव 'दु'ने सुरू होतं. पणजोबांच्या वेळच्या वंशावळीत तसं लिहूनच ठेवलंय. शंभराव्या दिवशी पांढऱ्या भाताची वडी शंभर घरांत वाटली. शंभर घरं गावात नव्हती म्हणून शेजारच्या बंदरावर गेलो.

या उन्हाळ्यात मुलगी झाली. मिरच्यांऐवजी कोळसा आणि पाइनची डहाळी लावायची होती, ती माझ्या आईने लावली. नाव उद्या ठेवू, परवा ठेवू करता करता राहूनच गेलं. मुलींना 'दु' देत नाहीत, त्यामुळे वंशावळीकडूनही काही घाई नव्हती. तिला आम्ही 'छकुली' म्हणायचो, तेही बुन्ये म्हणायची म्हणून. शंभरावा दिवस उजाडला तेव्हा बुन्येने पहाटे उठून तांदूळ वाफवले, मला म्हणाली, दुपारपर्यंत या. मी आलो दुसऱ्या दिवशी सकाळी. वड्या टोपलीत तशाच होत्या, कडक झालेल्या. ती रडली नाही, ओरडली नाही. दिवसभर म्हाकूळ चिरत बसली, रचून ठेवले, हात धुतले आणि संध्याकाळच्या बसने गेली. दुसोक सहा वर्षांचा, शाळा होती, तो आजीपाशी राहिला. तो मला रोज विचारायचा, "छकुली कधी येणार?" आई कधी येणार असं नाही विचारायचा. त्याला माहीत होतं, दोघी एकत्रच येतील.

तर पेटीचा दिवस आला. तांडेलांच्या घरी सकाळी पेटी भरली. आत लाल आणि निळं रेशीम, चार कोपऱ्यांत धान्याच्या पुरचुंड्या आणि तांडेलांनी स्वतः ब्रशने लिहिलेलं पत्र. पेटी लाल कापडात गुंडाळली आणि आठ हात लांब कोऱ्या पांढऱ्या सुती पट्ट्याने माझ्या पाठीला बांधली. तो पट्टा पुढे वाया जात नाही, नवरीच्या पहिल्या बाळाची लंगोटं त्याचीच होतात. तांडेलांच्या बायकोने गाठ अशी मारली की एका ओढीत सुटावी. गाठ अडकली तर संसारही अडकतो म्हणतात.

"आता ऐक," तांडेल म्हणाले. "वाटेत पेटी खाली ठेवायची नाही. दुसऱ्याच्या पाठीवर द्यायची नाही. आणि परत तर अजिबात आणायची नाही. परत आलेल्या पेटीची नवरी आयुष्यभर सुखाला लागत नाही."

"बारा वर्षं जाळी ओढतोय मी, तांडेल."

"जाळी बोलत नाहीत. तिकडच्या बाया बोलतात. सांभाळून."

माझ्याबरोबर गिबॉमचे चार दोस्त होते आणि माझा जिवलग दोक्पाल. हा दोक्पाल म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जीभ आणि सगळ्यात छोटं डोकं. पोरांनी तोंडाला कोळसा फासायचा आणि पेटीवाल्याने वाळवलेल्या म्हाकुळाला डोळ्यांची भोकं पाडून तो मुखवटा म्हणून लावायचा, ही रीत. तो मुखवटा मला त्या दिवशी देवासारखा वाटला. मी आमच्या अंगणातल्या काड्यांवरून सगळ्यात रुंद म्हाकूळ निवडला. मनात म्हटलं, कोण ओळखतंय आता.

बसमध्ये जागा होती, पण पेटीसकट बसता येत नव्हतं. मी दांड्याला धरून उभा राहिलो. कंडक्टर मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल, टोपी कलती, जीभ तिखट.

"काका, ते ओझं खाली ठेवा की. कुणी पळवत नाही."

"ठेवता येत नाही."

"का, सोनं आहे का?"

"घर यायचंय अजून," मी म्हणालो. तिला पेटीचं लाल कापड दिसलं तेव्हा तिने जीभ चावली आणि पुढच्या वळणावर ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगितलं.

खिंडीत बस थांबली तेव्हा सगळे शेवया खायला बसले, मी उभ्यानेच खाल्ल्या. आडोशाला जायची वेळ आली तेव्हा दोक्पालने मागून पेटी उचलून धरली आणि वर समुद्राच्या दिशेने तोंड करून गाणं म्हटलं, म्हणजे मला संकोच वाटू नये. पुढे दोन तास पायवाट. चेस्टनटच्या झाडांखाली काटेरी टरफलं फुटून पडलेली, पाय ठेवायची पंचाईत. खांद्यात पट्टा रुतत होता. मी विचार करत होतो की एवढं जपून मी आयुष्यात काय वाहिलंय? उत्तर आलं नाही. आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही.

बामगोलच्या वेशीवर पोहोचलो तेव्हा ऊन डोंगराला टेकलं होतं. मी म्हाकूळ तोंडावर बांधला. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी लाल-निळा कंदील पेटवला आणि गळा काढला, "पेटी घ्या हो, पेटी! समुद्रावरची पेटी!"

दारं उघडली, कुत्री भुंकली, माणसं धावली. नवरीकडचा रिवाज असा की काही दिल्याशिवाय पेटीवाला पाऊल उचलत नाही. ओक्हीच्या काकाने वाडगाभर तांदळाची दारू आणून वाटेत ठेवली, मी एक पाऊल टाकलं. काकूने वाफाळत्या मुगाच्या धिरड्यांची ताटली ठेवली, दुसरं पाऊल. दोक्पाल घासाघीस करायला पटाईत. "आमच्या पेटीवाल्याचा गुडघा दुखतो हो, कोंबडीशिवाय वाकत नाही." "तुमचा पेटीवाला आहे की तुमची सासू?" असं म्हणत बाया हसत होत्या. सगळं झकास चाललं होतं. माझी नजर गर्दीत फिरत होती. बुन्ये दिसत नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

फाटकाशी आलो. पुढे अंगण, अंगणापलीकडे ओसरी, ओसरीवर लाल चवळीचा थर दिलेल्या भाताच्या वडीचं मोठं भांडं, ज्याच्यावर पेटी टेकवायची. बाजूच्या कागदी दाराला एक भोक पडलेलं होतं आणि त्या भोकाला एक डोळा लागलेला. तो ओक्हीचा असणार.

फाटकात ओक्हीची आजी उभी होती. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिने काठी आडवी धरली.

"थांब रे. पेटीवाला कोण? घरचा नीट आहे ना?"

"एकदम नीट, आजी," दोक्पाल म्हणाला. "पहिला मुलगा. बायको गुणाची. घरात भांडण म्हणजे काय ते ठाऊक नाही."

आता याला कुणी सांगितलं होतं एवढं बोलायला?

मागे कुणीतरी हसलं. एकटंच, छोटंसं, नाकातून आलेलं हसू. मी ते नऊ वर्षं ऐकत आलोय. बाया बाजूला झाल्या आणि बुन्ये पुढे आली. पाठीला छकुली बांधलेली, हातात पळी. लग्नघरी स्वयंपाकाला आली होती, आणखी कुठे असणार?

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे, म्हणजे म्हाकुळाकडे, निरखून बघू लागली.

"हा म्हाकूळ माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "डावीकडून चिरलाय. आख्ख्या किनाऱ्यावर डावखुरी मी एकटीच."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पेटीसकट तेही करता आलं नसतं.

"म्हणजे हा तुझा नवरा?" आजीने विचारलं. "ज्याला सोडून तू इथं चेस्टनट वेचायला आलीस तो?"

"तोच."

आजीने काठी आणखी घट्ट धरली. "मग ही पेटी माझ्या अंगणात येणार नाही. मोडलेल्या घराच्या पाठीवरून आलेली पेटी माझ्या नातीला नको."

"आजी, दुसऱ्याच्या पाठीवर देऊ," दोक्पाल घाईघाईने म्हणाला.

"देता येत नाही. खाली ठेवता येत नाही. परत नेता येत नाही," आजी म्हणाली. "हे सगळं मला शिकवू नकोस, मी तुझ्या आजीच्या आधी जन्मलेय."

कागदी दाराच्या भोकातला डोळा मिटला. आतून मुसमुसण्याचा आवाज आला. ओक्हीची आई कमरेच्या फडक्याशी चाळा करत उभी. मी तिथेच उभा, ना आत ना बाहेर, पाठीवर दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य. माझ्या खोट्यामुळे हे झालं होतं आणि ते मला म्हाकुळाच्या वासापेक्षाही असह्य होत होतं. मी मुखवटा काढला.

"बुन्ये," मी म्हणालो. एवढ्या माणसांत मी तिला नावाने हाक मारली नव्हती कधी. "माझं चुकलं. पण या पोरीचं काही चुकलं नाही. काहीतरी कर."

बुन्येने पळी दुसऱ्या हातात घेतली. मग आजीकडे वळली.

"आजी, यांचं घर मोडलेलं नाही. भांडलेलं आहे. तुम्ही हो म्हणत असाल तर इथंच जोडून घेऊ."

"कसं?"

"एरवी नवरीकडचे देतात आणि पेटीवाला पावलं टाकतो. आज पेटीवाला देईल. एका पावलाला एक खरी गोष्ट. खोटं बोलले तर जिथं आहेत तिथंच उभे राहतील, सकाळपर्यंत."

आजी हसली. तिच्या तोंडात तीनच दात होते, ते तिन्ही दिसले. "विचार," ती म्हणाली आणि काठी खाली घेतली.

गर्दी सरकून जवळ आली. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"शंभराव्या दिवशी कुठं होता?" बुन्येने विचारलं.

"समुद्रावर."

"उभे राहा मग."

"दोक्पालकडे. पत्ते खेळत होतो."

सगळे दोक्पालकडे वळले. तोंडाला कोळसा होता म्हणून वाचला, नाहीतर लाल झालेला दिसला असता. "मी त्याला दोनदा म्हटलं, घरी जा," तो पुटपुटला. "पण तेव्हा तो जिंकत होता." एक म्हातारा खिंकाळल्यासारखा हसला. मी एक पाऊल टाकलं.

"तांडेलांना काय सांगितलंत? मी कुठं आहे म्हणून?"

"आत आहे, मुलीला निजवतेय."

"आणि आत कोण होतं?"

"आई. तिने पातेलं आपटलं."

"सासूबाईंचे उपकार आहेत माझ्यावर," बुन्ये म्हणाली. दुसरं पाऊल.

आता फाटकाचा उंबरा समोर होता. त्याच्यावर भोपळ्याचं कवच पालथं घातलेलं, पायाने फोडायला. छकुली जागी होऊन माझ्याकडे बघत होती, मूठ तोंडात घालून. माझ्या आईचं कपाळ, बुन्येची जिवणी. एकशे बारा दिवसांची झाली होती आणि मी पहिल्यांदाच तिला एवढं सरळ बघत होतो.

"हिचं नाव काय?" बुन्येने विचारलं.

हा प्रश्न हळू आवाजात आला, पण सगळ्यांना ऐकू गेला. उत्तर बनवता आलं असतं. तिथल्या तिथे एखादं गोड नाव फेकलं असतं तर सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले असते. ओक्हीची आई हात जोडून माझ्याकडे बघत होती, काहीही म्हण पण आत ये, अशी.

"नाही ठेवलं," मी म्हणालो. "मुलगा असता तर तिसऱ्या दिवशी ठेवलं असतं. मुलगी म्हणून उद्यावर टाकलं. कारण दुसरं काही नाही. काम होतं, हंगाम होता, ते सगळं खोटं. मी तिला आजवर उचलूनही घेतलं नाही धड. ही पेटी सकाळपासून पाठीवर आहे, रेशीम आणि कागद. जेवलो उभ्याने, वाटेत एकदा टेकलोसुद्धा नाही. आणि माझ्या मुलीला मी अंगणातून ओसरीपर्यंत नेलं नाही कधी."

बुन्येच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पळीच्याच हाताने पुसलं आणि कपाळाला पीठ लागलं. मलाही रडू येत होतं आणि मी ते अडवलं नाही. वासामुळे असेल असं लोकांना वाटायला वाव होता.

"उंबरा ओलांड," आजी म्हणाली. "आता पेटी चालेल."

मी भोपळ्यावर पाय मारला. फाडकन फुटला, एका दणक्यात. कुत्री पळाली, पोरं किंचाळली, बाया हसल्या, आणि कागदी दाराच्या भोकात तो डोळा परत आला. ओसरीवर चढून मी वडीच्या भांड्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले, आणि पेटी त्या गरम भातावर टेकली. आजीने पट्ट्याचं टोक धरून ओढलं. एका ओढीत गाठ सुटली.

पाठ सुटली तरी सरळ होईना. मी तसाच वाकलेला उभा राहिलो. तेवढ्यात पाठीवर काहीतरी ऊबदार येऊन टेकलं. बुन्येने छकुलीला सोडवून माझ्या पाठीवर ठेवलं होतं आणि बाळ बांधायच्या दुलईच्या पट्ट्याने तिला बांधत होती, दोन वेढे काखेतून, एक कमरेवरून, गाठ छातीवर. चिमुकला गाल माझ्या मानेला लागला. ओला होता.

"घरी जाईपर्यंत खाली ठेवायची नाही," बुन्ये म्हणाली. "दुसऱ्याच्या पाठीवर द्यायची नाही. दूध पाजायला तेवढी मी घेईन."

"आणि नाव?"

"नाव तुम्ही ठेवायचं. घर यायच्या आत."

रात्र सासूबाईंकडे काढली. मी त्यांच्या पाया पडलो, मुलगी पाठीवर असल्याने वाकडातिकडा. त्यांनी एक शब्द सुनावला नाही, नुसता माझ्या भातात चेस्टनट जास्त घातला, आणि त्याने मला जास्त लागलं. मी भिंतीला पाठ टेकवू शकत नव्हतो म्हणून बसल्या बसल्याच डुलक्या काढल्या. दोक्पालने आळीपाळीने धरतो म्हटलं, त्याच्याकडे बुन्येने असं बघितलं की तो अंगणात जाऊन झोपला.

सकाळी निघालो. सासूबाईंनी पांढऱ्या वड्यांचं गाठोडं बुन्येच्या डोक्यावर दिलं. "शंभराव्या दिवसाच्या आहेत म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "आई, एकशे तेरावा आहे," बुन्ये म्हणाली. "समुद्रावरच्या लोकांना मोजता येतं का?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

पायवाट तीच होती, टरफलं तीच. बसही तीच, आणि कंडक्टर मुलगीही. तिने मला ओळखलं.

"काका, काल पेटी, आज बाळ? आज जागा रिकामी आहे हो, बाळाला मांडीवर घ्या नि बसा."

"ठेवता येत नाही."

"आज काय कारण?"

"घर यायचंय अजून."

तिने बुन्येकडे बघितलं. बुन्ये खिडकीला डोकं टेकून बसली होती, ओठ दाबून. खिंड ओलांडल्यावर समुद्र दिसायला लागला, होड्या दिसायला लागल्या. घर यायला चार थांबे उरले आणि नाव काही सुचेना. फुलांची नावं आठवली, फळांची आठवली, आमच्या होडीचंसुद्धा आठवलं. छकुली माझ्या मानेवर श्वास सोडत होती. मला वाटलं, हिला गोड नाव काय करायचंय. माझ्या घरातलं हिच्या वाट्याला काय आलं, ते बघायला हवं.

आमच्या थांब्याच्या आधी एक थांबा कचेरीचा आहे. मी घंटीची दोरी ओढली.

"घर पुढं आहे," बुन्ये म्हणाली.

"आधी हे."

कचेरीतला कारकून चष्मा पुसत होता. बाळाचा जन्म कधीचा ते ऐकून त्याने भुवया उंचावल्या. "उशीर केलात."

"हो," मी म्हणालो. "फार उशीर केला."

"बाळाला खाली ठेवा, बसा. आडनाव 'मा'. नाव?"

"दुयॉन."

त्याने लिहिलं. मग लेखणी थांबवली. आमचं घराणं त्याला माहीत होतं. दुसोकचं, माझ्या भावाच्या दोन्ही मुलांचं नाव त्यानेच लिहिलं होतं. "'दु' म्हणजे मुलगा का?"

"मुलगी."

"मुलीला 'दु'?"

"मोठी झाली की वंशावळीला विचारून घेईल ती. लिहा तुम्ही."

त्याने खांदे उडवून लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्क्याच्या आवाजाने छकुली, म्हणजे दुयॉन, दचकली आणि माझ्या मानेला दोन्ही हातांनी धरलं. बुन्ये माझ्या मागे उभी होती, त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही. मग पुढे आली, माझ्या छातीवरची सैल झालेली गाठ सोडून परत नीट बांधली आणि गाठ बांधून झाल्यावरही हात काढला नाही.

"चला आता घरी," ती म्हणाली. "दुसोक वाट बघत असेल. पाठ दुखत असेल ना तुमची?"

"छे," मी म्हणालो. "मुळीच नाही."

आदल्या संध्याकाळपासूनचं ते माझं पहिलंच खोटं होतं, आणि तिने ते चालवून घेतलं.